बुरुजाचा उजवा कोपरा

गाइडने मिटलेली छत्री उंच धरली आणि सगळ्या घोळक्याने माना वर केल्या.

"पाचशे वर्षं!" तो म्हणाला. "तोफा झाल्या, भूकंप झाले, दरडी कोसळल्या. पण या बुरुजाचा एक दगड जागचा हललेला नाही."

"दरडीत उजवा कोपरा सबंध गेला होता," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागे एक म्हातारा उभा होता. अंगाने वाळका, पण हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी उसने आणल्यासारखे मोठे. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"अहो, गप्प बसा. पाहुणे म्हणून आलोय आपण, मुकादम म्हणून नाही."

म्हातारा गप्प बसला. ते त्याला अवघड नव्हतं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. दिवसभर दगडाशी गाठ, आणि दगड उलटून बोलत नाही. चाळीस वर्षांपूर्वी तो या डोंगरातल्या गावात दोन उन्हाळे राहिला होता. दरडीने खाली नेलेला कोपरा परत उभारायला बारा गवंड्यांची टोळी वर आली होती आणि त्यांत हा सगळ्यांत तरणा. आता बारांतला हा एकटाच उरला होता. गाइडच्या पाचशे वर्षांत त्यांचे दोन उन्हाळे कुठेच बसत नव्हते, एवढंच त्याला जरा लागलं.

बाकी गाव त्याला आवडलं होतं. उन्हाळी उत्सवाचे तीन दिवस. चौकात बँड वाजत होता आणि त्यातला मोठा ढोलवाला मधूनच एक ठोका विसरत होता. तळ्यात होड्या, वरच्या रानात पायवाटांवर लाल बाणांच्या पाट्या, डोंगर चढून पळण्याच्या शर्यतीतून घामाघूम होऊन परतलेले लोक पायरीपायरीवर बूट काढून बसलेले. उतरलेल्या खोलीत खिडकी एवढीशी, पण तिच्यातून दरी दिसायची. सकाळी बायको तिथे खुर्ची टाकून बसली होती. "घरी भिंत बघायची, इथे दरी बघायची. तेवढाच बदल," असं म्हणत होती, पण उठत नव्हती.

इथे यायची कल्पना मुलीची. ती दातांची डॉक्टर. चाळिशी गाठल्याबद्दल तिने स्वतःलाच एक भेट द्यायची ठरवली होती. बुरुजाच्या गच्चीवरून दरीपलीकडच्या कुरणापर्यंत पोलादी दोर ताणला होता आणि पट्ट्यांत बांधलेली माणसं त्यावरून घसरत पलीकडे जाणार होती. दुपारी चारला उद्घाटन. यादीत तिचं नाव पहिलं.

"पहिलं कशाला? दुसरं लाव," आई म्हणाली होती. "पहिल्या घासाला माशी नको."

"आई, पहिलं मिळावं म्हणून मी पहाटे उठून रांगेत उभी राहिले."

गवंडी काही बोलला नव्हता. पूर्वी खूप बोलून झालं होतं. सायकल नको, पोहायला नको, लांबच्या कॉलेजात नको. मुलीने सगळं केलं, पण प्रत्येक वेळी त्याचा नकार ओलांडून केलं. आता तो नकार देत नसे, आणि ती विचारतही नसे.

तीन वाजता तो एकटाच बुरूज चढला. गच्चीवर गर्दी जमायला लागली होती. गच्चीच्या मागच्या बाजूला उजवा कोपरा आणखी दीड माणूस उंचीने वर गेला होता. हा त्यांचा. त्याने भिंतीवर हात ठेवला, कुणी ओळखीच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मग त्याने वर पाहिलं आणि हात तिथेच राहिला.

डोक्याच्या वर, भिंतीच्या तोंडावर पोलादी पत्रा चार बोल्टनी ठोकला होता. दोर तिथूनच निघाला होता.

ही गोष्ट गवंड्यावाचून कुणाच्या ध्यानात आली नसती. जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एक पुढची, एक मागची, आणि मध्ये दगडगोट्यांचा भराव. दोन्हींना एकत्र धरतात ते आरपार दगड. एवढे लांब, की पुढून मागपर्यंत पोचतात. बाहेरून त्यांचं फक्त चौकोनी तोंड दिसतं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी असे लांब दगड वर यायचे थांबले. वाट खचली होती, हवा फिरली होती, आणि इंजिनिअर रोज येऊन ओरडत होता. साहेब पाहणीला येणार, कोपरा पुरा करा. मग त्यांनी तोंडं तेवढी केली. बाहेरून आरपार दगड, आत वीतभर. ती तोंडं घडवली होती याच हातांनी, कारण त्याचा हात सगळ्यांत साफ होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या म्होरक्याने करून घेतली होती. खऱ्या दगडावर छिन्नीच्या रेघा उजवीकडून डावीकडे उतरतात. खोट्यावर त्या उलट्या उतरवायच्या. "मालकाला फसवलं, ते आपलं पोट," म्होरक्या म्हणाला होता. "पण पुढे या भिंतीला हात लावणाऱ्या गवंड्याला फसवायचं नाही. तो रेघा बघेल, समजून घेईल."

तो पुढचा गवंडी चाळीस वर्षांत आलाच नाही. चारही बोल्ट उलट्या रेघांच्या दगडांत होते.

त्याने स्वतःला समजावून पाहिलं. चाळीस वर्षं उभी आहे की! पण उभं राहणं वेगळं. भिंत वजन पेलते, ओढ पेलत नाही. त्याने खाली पाहिलं. पत्र्याच्या खालच्या सांध्यातून चुना झरला होता. जमिनीवर त्याची बोटभर लांब, पांढरी, कोरी रांगोळी पडली होती. कालचीच असावी, कारण तिच्यावर अजून कुणाचा पाय पडला नव्हता.

दोराचा कारभार पाहणारा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होता. गवंडी त्याच्याकडे गेला. "हे इथनं काढा. ही भिंत ओढ घेणार नाही."

"आजोबा, काल सहा पोती वाळू तीन वेळा पलीकडे गेली," शिट्टीवाला हसून म्हणाला. "तपासणीचा कागद आहे माझ्याकडे."

"कागद भिंतीच्या आत बघून आलाय का?"

"पाचशे वर्षांची भिंत आहे!"

"ही चाळीसची आहे. मीच बांधली."

शिट्टीवाल्याने शेजारच्या दोघांकडे पाहून भुवया उडवल्या. म्हाताऱ्यांच्या बाबतीत लोक अशा उडवतात. एवढ्यात मुलगी वर आली. डोक्याला पिवळं शिरस्त्राण, छातीवर पट्टे. तिच्यामागे गुडघे धरत आई.

"बाबा, काय चाललंय?"

"तू जायचं नाहीस."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला कळलं, चूक झाली. तिचा चेहरा चौदा वर्षांच्या मुलीचा झाला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "वाटलंच होतं की शेवटच्या क्षणी येईल. सायकल, तलाव, कॉलेज आणि आता हे. मी चाळीस वर्षांची आहे, बाबा. मी जाणार."

"अगं, भिंत..."

"भिंत, पाणी, रस्ता. तुमच्या जगात उभं काहीच राहत नाही."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, भीती वाटत असेल तर खाली जाऊन बसा की!"

गवंडी बसला. पण खाली जाऊन नाही. बरोबर पत्र्याखाली, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, जिथून पट्टे अडकवायचे तिथेच. त्याच्या अंगावरून गेल्याशिवाय कुणाला दोराला हात लावता येणार नव्हता.

शिट्टीवाल्याने शिट्टी वाजवली. "उठा, नाहीतर मला माणसं बोलवावी लागतील."

"चार बोलवा. दोघांनी नाही उठायचा मी."

"शोभतं का हे, अहो?" बायको म्हणाली. पण म्हणता म्हणता ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि हातातली पिशवी तिने त्याच्या पायाशी ठेवली.

गवंड्याने मुलीकडे पाहिलं. जे बोलायचं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. लोक घर बांधायचं झालं की त्याला विचारत, ते त्याच्या हाताच्या भरवशावर. आणि आता साठ-सत्तर माणसं ऐकत होती.

"ह्यात भीती नाही," तो म्हणाला. "ह्यात माझी लबाडी आहे. हे दगड खोटे आहेत. तोंडं मी घडवली. मागे भराव आहे नुसता. रेघा बघा, ह्या दगडाच्या अशा, आणि ह्या चौकोनी दगडांच्या उलट्या. उलट्या म्हणजे खोटा. आम्ही बारा जणांनी मिळून केलं ते. मला माहीत होतं, आणि मी केलं."

मग गाइड पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "काहीही काय? तोफा खाल्लेला बुरूज आहे हा!"

"तोफा खाल्ल्या त्या बाजूला. ह्या बाजूने आमच्यासारख्यांना खाऊ घातलं."

लोक हसले. मुलगी हसली नाही. ती भिंतीकडे बघत होती, दगडाच्या एका तोंडाकडून दुसऱ्याकडे. मग ती वडिलांच्या शेजारी उकिडवी बसली आणि पट्ट्याची पोलादी कडी सोडवून तिने तिच्या टोकाने एका दगडावर हलकेच ठोकलं. टक्. दुसऱ्यावर. टक्. मग उलट्या रेघांच्या चौकोनावर. आवाज बसका आला.

तिने परत ठोकलं, कान लावून, डोळे मिटून. रोज वीस-पंचवीस तोंडांत ती हेच करते.

"वरून टोपी बसवलेली आहे," ती हळूच म्हणाली. "आतून दात नाहीच." मग ती वडिलांकडे वळली. "आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतोय," तो म्हणाला.

ती उठली. तिने शिरस्त्राण काढलं आणि रांगेकडे तोंड करून वडिलांच्या पुढ्यात उभी राहिली. "कुणी जाणार नाही," ती शिट्टीवाल्याला म्हणाली. "मी पहिली आहे ना? मग माझ्या आधी कुणी नाही, आणि मी जात नाही."

"ताई, असं कसं चालेल? उत्सवाच्या अध्यक्षबाई येतायत उद्घाटनाला!"

"येऊ द्या. उद्घाटन करूच."

दगड काढून दाखवायला गवंड्याने गच्चीवरच्या मंडपाची एक लोखंडी मेख मागितली. कुणी देईना. तेव्हा बायकोने सरळ जाऊन मंडपाच्या कोपऱ्यातली उपटून आणली. मंडप एका बाजूला लचकला आणि तिथे बसलेले दोघे घाईने उठले. "नुकसान झालं तर माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली, "पण भरणार नाही."

"आधी दोर सैल करा," गवंडी म्हणाला.

"नाही करणार," शिट्टीवाला म्हणाला.

"बरं. मग बोल्टजवळ हात लावत नाही." त्याने बाजूचा, गुडघ्याइतक्या उंचीवरचा एक चौकोन निवडला. "हा दगड हातभर लांब निघाला तर मी माफी मागून खाली जातो. वीतभर निघाला तर दोर खाली."

शिट्टी वाजत राहिली. मेख सांध्यात चालत राहिली. चुना भुरभुर सांडत होता. अध्यक्षबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात फीत कापायची कात्री होती आणि त्यांना कुणी वाट करून दिली नाही, कारण सगळे वाकून बघत होते.

दगड निघाला. गवंड्याने तो मांडीवर घेतला. पाच बाजू सुरेख घडवलेल्या, आतली सहावी ओबडधोबड. लांबी एक वीत. त्याने त्यावर आपली वीत ठेवून दाखवली, आणि ती अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेमतेम पुरली.

मुलीने बाही वर केली आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत. आतून मूठभर गोटे आणि माती बाहेर आली, आणि मागोमाग आणखी थोडी आपली आपण घरंगळली. शिट्टीवाल्याच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबायला लागली. त्याने पलीकडच्या कुरणाकडे पाहिलं, मग खाली दरीत, आणि मग दोर सैल करायच्या चाकाकडे गेला.

अध्यक्षबाई शहाण्या होत्या. त्यांनी गवंड्याला बाजूला घेतलं. "फार मोठे उपकार केलेत तुम्ही. दोर बंद करतो आम्ही. फक्त एक विनंती आहे. वाऱ्यामुळे बंद ठेवला असं जाहीर करू. चाळीस वर्षं वगैरे नको. लोक पाचशे वर्षं बघायला येतात हो. आणि तुमच्याही नावाला बट्टा कशाला?"

गवंड्याला ही वाट सोपी होती. बायको आणि मुलगी दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

"वाऱ्याचं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "वाऱ्याने काही केलेलं नाही. वाऱ्यावर घातलंत तर पुढच्या वर्षी वारा नसताना परत ठोकाल. द्या तो लाउडस्पीकर."

"अहो, पण..."

मुलीने तो शिट्टीवाल्याच्या टेबलावरून उचलून वडिलांच्या हातात दिला सुद्धा. त्याने उलटा धरला. तिने सुलटा केला.

दोन उन्हाळ्यांत या गावात तो जेवढे शब्द बोलला नसेल तेवढे त्या दोन मिनिटांत बोलला. आधी आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मग एकेक करून उरलेल्या अकरांची नावं सांगितली. एकाचं आठवेना तेव्हा थांबला, सगळी गच्ची थांबली, आणि आठवल्यावर सांगितलं. कोपरा आम्ही बांधला, तो म्हणाला. खालचे सतरा थर खरे आहेत, त्यांच्यावर हत्ती चढवा. वरचे नऊ खोटे आहेत, त्यांना ओढू नका. आणि उलट्या रेघा कुठे कुठे आहेत ते मी आज दाखवून जाणार आहे, ज्याला बघायचं त्याने यावं.

"आता चला," बायको म्हणाली. "लोक बघतायत."

"बघायलाच बोलावलंय," तो म्हणाला आणि परत भिंतीला टेकून बसला. "बोल्ट निघेपर्यंत मी हलत नाही."

मुलगी त्याच्या शेजारी बसली. छातीवरचे पट्टे सोडवत म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे."

"दुसरीकडे कुठेतरी दोर असेल. मी तिथे जाणार."

"जा," तो म्हणाला. "मी आधी येऊन भिंत बघेन."

"विचारणार नाही तुम्हाला."

"नको विचारूस. मी येणार."

वर शिडी लावलेली माणसं पहिला बोल्ट फिरवत होती. रांगेतलं एक जोडपं पुढे आलं आणि बाईने जरा लाजत विचारलं, "काका, उलटी रेघ म्हणजे नेमकी कुठली?" गवंडी गुडघ्यावर हात टेकून उठला.