विहिरीतला चिडका मासा

माझ्या बायकोने एका व्हिडिओ गेममधल्या चिडक्या माशाला आवाज दिला होता. बाहेरचा आवाज नको म्हणून ती कपड्यांच्या कपाटात बसून बोलायची आणि मी दाराशी श्वास रोखून उभा राहायचो. तरी एकदा मला खोकला आलाच. "घातलास घोळ! आता पुन्हा करते सगळं," म्हणत तिने माझी खरडपट्टी काढली.

ती गेल्यापासून मी रोज गेममधल्या त्या माशाच्या विहिरीवर जातो. मोती दिला की तो वाट सोडतो आणि परत दिसत नाही, म्हणून मी देत नाही. मग तो खेकसतो, "आलास रिकाम्या हाताने? चपला बाहेर काढ आधी!" ते चपलांचं माझ्यावरूनच उचललेलं.

काल मुलगी म्हणाली, "बाबा, द्या की मोती. आई हसलीये त्यात."

"आणि मग?"

"मग जातो तो."

बराच वेळ मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. शेवटी मोती दिला. मासा खळखळून हसला, आणि त्या हसण्यामागे कुणीतरी खोकलं.

तिने पुन्हा केलंच नव्हतं.

मासा बुडी मारून गेला. पाणी संथ होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.