सात वाजताची यादी

मित्रांनो, मी रक्तपेढीतला जुना संगणक आहे. माझी हकिकत ऐका आणि तुम्हीच सांगा, चूक कुणाची? माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

पूर्वी इथले काका रोज सकाळी वही घेऊन फ्रीजपाशी उभे राहायचे आणि कुठल्या रक्तपिशवीची मुदत संपत आली ते शोधायचे. निवृत्त होण्याआधी त्यांनी ते काम मला लावून दिलं. रोज सकाळी सातला, कुणी न सांगता, तीन दिवसांत मुदत संपणाऱ्या पिशव्यांची यादी मी शेजारच्या प्रिंटरला पाठवायची. जाताना माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, "तुझ्या भरवशावर सोडून चाललोय हं." ऊर भरून आला हो!

सात वर्षं एक दिवस खाडा केला नाही. मग नवा प्रिंटर आला आणि जुन्याला उचलून नेलं. कुठे, कोण जाणे! मी आपला यादी पाठवत राहिलो, "छापली" असं उत्तरही येत राहिलं. तरी पिशव्या मुदत संपून फेकल्या जाऊ लागल्या. हे काय चाललंय, मला कळेचना. एक दुर्मिळ गटाची पिशवी गेली, तेव्हा इथल्या तंत्रज्ञ ताई रडल्याच. "हा म्हातारा यादीच काढत नाही. भंगारात द्या याला!"

अरे देवा! काढतोय की मी!

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी मोडकी खुर्ची ठेवायला वरची अडगळीची खोली उघडली आणि कागदांचा गठ्ठा घेऊन धावतच खाली आले. "ताई, जुना प्रिंटर वर बसून छापतोय! कुणीतरी त्याची वायर जोडून ठेवलीय!"

ताईंनी त्याच सकाळचा कागद वाचला. त्याच दुर्मिळ गटाची आणखी एक पिशवी, दोन दिवस शिल्लक. त्यांनी भराभर फोन फिरवले. तिसरा फोन लागला त्या रुग्णालयात एक बाळंतीण त्याच रक्तासाठी अडून होती. पिशवी लगेच रवाना झाली. संध्याकाळी निरोप आला, बाई शुद्धीवर आली.

आता ताई रोज यादी हातात घेतात आणि मला सांगतात, "मिळाली रे." मित्रांनो, कुणाला काम लावून दिलंत, तर अधूनमधून येऊन बघत जा. त्याची हाक कुठे पोहोचते, ते त्याला बिचाऱ्याला कळत नसतं.

त्या गठ्ठ्यात आणखी एक्केचाळीस कागद होते. त्या पिशव्यांची वाट कोण कोण बघत होतं, हे मी कुणाला विचारू?