आजचे तीन खिळे

मित्रांनो, सालेकसा तालुक्यातल्या एका लहान गावात, रुख्माबाईंच्या ओसरीत मी टांगलेली आहे. मी आंब्याच्या लाकडाची एक जुनी फळी. माझ्या अंगावर खिळे आहेत, खिळ्यांवर चिठ्ठ्या आहेत, आणि त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर बावीस गावांचे हातपंप चालू राहतात. मी हे बढाईने सांगत नाही, जे झाले ते सांगते.

माझा जन्म मात्र साधाच. हातपंपाचे सुटे भाग ज्या खोक्यातून आले, त्या खोक्याची मी एक बाजू होते. रुख्माबाई हातपंप दुरुस्त करतात. मागे पिशवीत पाने, हातोडी, ग्रीसचा डबा घेऊन स्कूटीवर जंगलातल्या रस्त्याने फिरतात. हात असा तयार की पंपाचा आवाज ऐकूनच त्याचे दुखणे सांगावे. पण एक खोट होती. कोणी बाजारात सांगे, कोणी फोनवर, कोणी लग्नाच्या पंगतीत. त्या सगळ्यांना हो म्हणत आणि सगळे डोक्यात ठेवत. डोक्यातले कधी कधी सांडून जाई.

एका मार्चमध्ये कुसुमटोल्याचा निरोप असाच सांडला. आठवडी बाजारात भाजी घेताना तिथल्या धनवंताबाईंनी पंप बंद असल्याचे सांगितले होते. रुख्माबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या दुकानापर्यंत जाता जाता विसरल्या. नऊ दिवसांनी धनवंताबाई चालत घरी आल्या. पाणीसुद्धा न पिता दारात उभ्या राहिल्या.

"काऊन वो रुख्मा, तुले सांगतलं होतं न? नऊ दिस झाले. लेकरं नाल्याचं पाणी पिऊन राहिले. माही नातीन दवाखान्यात हाय."

रुख्माबाईंनी हातातले काम टाकले. पिशवी उचलली आणि धनवंताबाईंना मागे बसवून निघाल्या. पंपाची साखळी तुटली होती, एवढेच. अर्ध्या तासात पाणी आले. तिथून त्या थेट दवाखान्यात गेल्या. धनवंताबाईंची सहा वर्षांची नात रीना सलाईन लावून निजली होती. डॉक्टर म्हणाले की आता धोका टळला, पण आणायला आणखी उशीर झाला असता तर कठीण होते. रुख्माबाई तिच्या पायाशी बराच वेळ बसून राहिल्या.

घरी येऊन त्यांनी यजमानांना, हेमराजभाऊंना, सारे सांगितले. अर्ध्या तासाचे काम आणि नऊ दिवस, हेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग त्यांनी परसातले खोके उघडले, मला वेगळे केले, रंधा मारला आणि खिळे ठोकायला बसल्या.

माझे तीन भाग पडले. डावीकडे 'आलेली कामे', मध्ये 'आज', उजवीकडे 'झाली'. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच काम. नुसते गावाचे नाव लिहायचे नाही, तिथे जाऊन हाताने काय करायचे ते लिहायचे. 'पंप पाहणे' असे नाही, तर 'वॉशर बदलणे'. निरोप कुठेही मिळो, तो आधी चिठ्ठीवर आणि मग बाकीचे बोलणे. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत पान्यांच्या सोबतीला कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल असते.

पण सुरुवातीला माझेही चुकत होते. मधल्या भागात बारा खिळे होते. सकाळी बारा चिठ्ठ्या लागत आणि संध्याकाळी आठ तशाच लटकत. रुख्माबाई माझ्याकडे न पाहता आत जात. मला वाटले, संपले आपले दिवस, आता चुलीत जायचे. पाचव्या दिवशी त्या पक्कड घेऊन आल्या. मी धास्तावले. त्यांनी मधले नऊ खिळे उपटले आणि तीनच ठेवले.

"एका दिसात तीन गावं नीट होतात," त्या हेमराजभाऊंना म्हणाल्या. "चवथं लटकवाचं असन, त एक काढावं लागन."

त्या नऊ खिळ्यांची भोके माझ्या अंगावर अजून आहेत. कोणी दागिना मिरवावा तशी मी ती मिरवते. कारण त्या दिवसापासून संध्याकाळी मधला भाग बहुधा मोकळा असे. रोज सकाळी चहा पिता पिता रुख्माबाई तीन चिठ्ठ्या निवडत. आधी जिथे दुसरा पंप नाही ते गाव, मग बाकीची. बाजाराच्या दिवशी मात्र डावीकडची एकूण एक चिठ्ठी काढून वाचत आणि पुन्हा लावत. त्या उन्हाळ्यात एकही गाव सुटले नाही. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी किती कामे बाकी आहेत असे विचारले, तेव्हा बाकीचे मिस्त्री वह्या चाळत राहिले आणि रुख्माबाईंनी बसल्या जागी गावांची नावे सांगितली. ही गोष्ट त्यांनी घरी येऊन सांगितली तेव्हा मी भिंतीवर ताठ झाले होते.

मग लेकीने, प्राचीने, नवा फोन आणला आणि त्यात कामांची यादी करून दिली. मला शेळ्यांच्या गोठ्यात दाराला आडवे लावले. एक पावसाळा मी तिथे काढला. एक कोपरा वाळवीने खाल्ला. मी फोनची निंदा करणार नाही, तो हुशार आहे. पण त्याच्या यादीला अंत नव्हता. सत्तेचाळीस कामे साचली, तरी तो अठ्ठेचाळिसावे घ्यायला तयार. रुख्माबाईंच्या जिवाला पुन्हा घोर लागला. एका सकाळी त्यांनी मला बाहेर काढले, धुतले, खाल्लेल्या कोपऱ्याला रॉकेल लावले आणि ओसरीत टांगले. फोन निरोप नोंदवू लागला, मी दिवस ठरवू लागले.

गेल्या मे महिन्यात एक पंप उघडताना दांडा निसटून त्यांच्या मनगटावर आपटला. त्यांनी फडके बांधले आणि काम चालू ठेवले. चौथ्या दिवशी शेजारच्या भागातले मिस्त्री धर्मेंद्रभाऊ पाना मागायला आले. सुजलेला हात त्यांनी पाहिला, मग माझ्यापुढे उभे राहून डावीकडून उजवीकडे सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.

"ताई, यात बावीस गावं हायेत," ते म्हणाले. "तुमचं नाव कोठं हाय?"

हेमराजभाऊंनी एक कोरी चिठ्ठी घेतली, मोठ्या अक्षरात लिहिले, 'रुख्माचा हात दाखवणे', आणि मधल्या भागात लावायला गेले. तिन्ही खिळे भरलेले होते. रुख्माबाईंनी डाव्या हाताने पहिली चिठ्ठी काढली आणि धर्मेंद्रभाऊंच्या हाती दिली. थोडे थांबून उरलेल्या दोन्हीही दिल्या.

हाड तडकलेले निघाले. प्लास्टर सव्वा महिना होते. तेवढे दिवस धर्मेंद्रभाऊ रोज सकाळी येत, मला वाचत आणि निघत. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाला हो म्हटले, तर ते लिहून ठेवा. एका दिवसात मावेल तेवढेच त्या दिवसावर लटकवा. काम झाले की चिठ्ठी आपल्या हाताने उजवीकडे लावा, त्याचा आनंद दुसऱ्याला देऊ नका. माझ्यासारखी एखादी फळी तुमच्या घरी असेल, तर अधूनमधून पुसत जा, वाळवीपासून जपा. आणि त्या मोजक्या खिळ्यांतला एखादा स्वतःसाठीही ठेवा. आज माझ्या मधल्या खिळ्यावर रुख्माबाईंच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे: 'दुपारी झोपणे.' त्या आत निजल्या आहेत.