ओट्यावरची वर्तुळं

डोळ्यांपुढे आणा पाहू: स्टूलवर चढलेली एक पोर, जीभ दातांत धरून, पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर व्हिनेगरची बाटली रिकामी करते आहे. तुम्हीही जरा पुढे वाका. ऐकू येतंय? बारीक सुरसुर. दगडावर मोहरीएवढे बुडबुडे उठतात, फुटतात, पुन्हा उठतात.

पिंगीला वाटलं, डाग निघतोय.

डाग म्हणजे लिंबाएवढी फिकी वर्तुळं. आजी गेल्यापासून आजोबा सकाळी चहा उकळेपर्यंत त्यांच्यावर बोट फिरवत उभे राहत. बिचाऱ्यांना घासून घासून निघत नाहीत, असं पिंगीने ठरवून टाकलं होतं. आज आईने पॉलिशवाल्याला बोलावलं होतं. त्याच्याआधी आपणच ओटा लख्ख करून आजोबांना चकित करायचं.

आजोबा दारात आले आणि जागीच थबकले. मग त्यांनी डब्यातून मूठभर खाण्याचा सोडा घेतला आणि ओघळाच्या कडेकडेने पसरला. भसकन फेस आला.

"आता आंबट याच्याशी भांडेल. दगडाला सोडेल."

जन्म बेकरीत गेलेला माणूस. सोडा आणि आंबट दही एकत्र आले की जो वायू केक फुगवतो, तोच हा, असं त्यांनी तिला समजावलं. संगमरवर म्हणजे सोड्याचा लांबचा भाऊ. आंबट पडलं की तोही तोच वायू सोडतो, आणि तेवढा झिजतो.

"म्हणजे डाग नाही निघत?"

"डाग नव्हताच गं. तिथला दगडच गेलाय. तुझी आजी कापलेलं लिंबू उपडं ठेवायची. शंभरदा सांगितलं, बशीत ठेव. ऐकेल तर शपथ."

ते हसले, पण फडकं फिरवणारा हात मंदावला. आजूबाजूचा दगडही आता तितकाच फिका झाला होता. वर्तुळं त्यात विरून गेली होती. भिंतीकडचं एक तेवढं उरलं होतं.

पॉलिशने वर्तुळं परत येतील का, असं पिंगीने अगदी हळू विचारलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. पॉलिश म्हणजे उरलेला दगडही घासून एकसारखा करायचा.

तेवढ्यात पॉलिशवाला आलाच. ओटा बघून हळहळला, मशीनची वायर सोडवू लागला. तासाभरात तोंड दिसेल असा करून देतो म्हणाला. कुठून सुरुवात करू?

आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

"करा कुठूनही. सूनबाईंनी सांगितलंय तसं."

पिंगी पुन्हा स्टूलवर चढली. भिंतीकडच्या वर्तुळावर तिने तळहात पालथा ठेवला आणि दुसऱ्या हाताने ओट्याची कड घट्ट धरली.

"काका, इथे माझा हात आहे," ती म्हणाली. "बाजूबाजूने करा."