बंड्याचं तीर्थ

कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत लडकू कामाला होता त्या लूमच्या शेडपुढं सकाळपासून रांग लागली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. सगळ्यांना तीर्थ हवं होतं, आणि ते देणारा देव म्हणजे लडकूचा चौदा वर्षांचा कुत्रा बंड्या! तो पाय कधी वर करतो, याची वाट बघत शिफ्ट सुटलेले कामगार हात जोडून उभे होते. हसू नका, त्यांत एक मॅट्रिक पास मुकादमही होता.

"दत्ताची कुत्री चार, हा पाचवा!" कुठूनसे वस्तीत येऊन बसलेले रामनाथबुवा गरजले. "इतके दिवस रजेवर होता. देखो भाई, पानी जैसा साफ! वास न्हाय, रंग न्हाय. आणि हा मुततो तिथं धागा तुटत न्हाय!"

खरंच तुटत नव्हता. दोन नंबरच्या लूमखाली बंड्या दिवसातून चार-पाचदा ओलं करी आणि ऐन उन्हाळ्यात ते लूम सुरळीत चाले. असेल बाबा देव, असं लडकूलाही वाटलं.

पण परवा बुवांनी फर्मान काढलं, "देवाचं पाणी बंद! तप चालू हाय. पाण्याशिवाय तीर्थ आलं की समजा साक्षात्कार!"

आणि आलं की! लोकांनी घंटा बडवली. बंड्या मात्र झेंडूच्या हारात मान टाकून पडला होता, जीभ लाकडासारखी कोरडी. चौदा वर्षं हा कुत्रा लडकूला शिफ्टवर सोडायला येत होता.

"अवो, देव असंल तर असंल," त्याची बायको चंद्रा म्हणाली, "पण आपला बंड्या मराया लागलाय. उचला त्याला."

लडकूनं देवाला खांद्यावर टाकलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. मागून बुवा आणि अख्खी रांग, तांब्यांसकट.

यादव डॉक्टरांनी बंड्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी कुणी बंद केलं याचं? म्हातारपणानं याची मूत्रपिंडं थकलीत. लघवी आटवून घट्ट करायचं काम त्यांना जमत नाही, म्हणून ती पाण्यासारखी येते. पाणी तोडलं तरी थांबत नाही, अंगातलंच पाणी निघून जातं. तुम्ही याचा जीव गाळून घेताय! आणि वास नाही म्हणून ती स्वच्छ होत नाही, तिच्यातून माणसालाही रोग होतात."

रांगेतले दोन-तीन तांबे हळूच पाठीमागे गेले.

"मग धागा का तुटत न्हाय, ते सांगा!" बुवा उखडले.

डॉक्टरांना लूममधलं काय कळणार? पण लडकूनं कपाळावर हात मारला. दर उन्हाळ्यात तो स्वतः लूमखाली पाणी मारत आला होता, यंदा देवाच्या नादात ते राहिलंच! कोरड्या हवेत सूत तुटतं, दमट हवेत टिकतं, हे कामतघरातलं शेंबडं पोरही सांगेल.

"आरं, आपण पाणी मारतो तवा हात जोडतो का?" तो ओरडला. "मग कुत्रा मुतला तर का जोडले? चला, चार नंबरखाली नळाचं पाणी मारतो. बघा सगळ्यांनी!"

शेडमध्ये परतून मारलं. संध्याकाळपर्यंत चार नंबरचाही धागा तुटला नाही.

"आता नळाला हार घालायचा का, बुवा?" चंद्रानं विचारलं. पण बुवा एव्हाना खारबाव स्टेशनच्या वाटेला लागले होते.

डॉक्टरांनी सलाईन लावून बंड्याला परत धाडलं होतं. बरा होणार नाही, पण पाणी भरपूर पाजलं तर काही महिने काढेल, म्हणाले होते. शेडमध्ये त्याच्यापुढं पाण्याचा टोप ठेवला. तो पीत राहिला, पीतच राहिला. मग थरथरत उठला आणि दोन नंबरखाली गेला. सकाळी रांगेत असलेल्या म्हाताऱ्या सावळारामचा हात सवयीनं कपाळाकडे गेला.

"काका, नमस्कार नको," लडकूनं त्याचा हात खाली घेतला. "त्याची तहान मला डोळ्यांनी दिसत होती, तरी मी हात जोडून उभा व्हतो. हात जोडायच्या आधी एकदा 'का' म्हणून इचारायचं, एवढं तरी शिकू या. जा, टोप रिकामा झालाय, भरून आणा."