केसभर मोठी भोकं

मी डबा बोलतोय. खाऊचा नव्हे, आगीचा. छोट्या विमानाच्या इंजिनात ज्याच्या पोटात इंधन जळतं, तो भोकाभोकांचा पातळ डबा.

माझे जुने भाऊबंद काळा धूर ओकतात. मला घडवणाऱ्या बाईंचं घर धावपट्टीला लागूनच. विमानं छपरावरून जायची आणि त्यांची लहानगी लेक खोकत राहायची. भरपूर हवेत इंधन जाळलं तर धूर आणि विषारी वायू कमी होतील, म्हणून बाईंनी माझी भोकं नव्याने आखली. कारखान्याच्या मालकांनी बजावलं होतं, "चाचणी एकदाच. नाही जमलं, तर जुने डबे आहेतच."

चाचणीच्या सकाळी लेकीला धाप लागली. बाईंनी दवाखान्यातूनच कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराला फोन केला. "काका, मागच्या ओळीतली भोकं केसभर मोठी करा."

"केसभर? माप घ्यायला माझ्या डोक्यावर एक तरी उरलाय का?" टकलावरून हात फिरवत काका हसले. बाईही हसल्या. त्या हसण्यात आकडा सांगायचा राहूनच गेला. बाईंच्या मनात कानस एकदा फिरवण्याइतकं होतं. कमी पडायला नको म्हणून काकांनी मायेने चांगली तीनदा फिरवली.

दुपारी बाई येऊन पोचल्या आणि इंजिन धडाडलं. धुरासमोर धरलेला पांढरा कागद पांढराच राहिला. "पोरी, जिंकलीस!" काका ओरडले.

मग वेग कमी केला. इंधन घटलं, पण मोठ्या भोकांतून माझ्या पोटात हवा जास्त झाली. ज्योत फडफडली आणि विझली.

"हे आकाशात झालं असतं तर?" मालक म्हणाले. "त्यापेक्षा धूर परवडला."

"साहेब, भोकं जास्त मोठी झालीत, एवढंच. आणखी एकदा बघू द्या," बाई म्हणाल्या.

"एकदाच म्हटलं होतं."

काका पाठ फिरवून स्वच्छ कानस पुसत राहिले.

आता मी त्या लेकीच्या टेबलावर असतो. माझ्यात पेन्सिली उभ्या असतात. ती माझ्या भोकाला डोळा लावून विमानं बघते आणि खोकते.

"आई, हा परत पेटेल?"

आई खिडकी लावून घेते.

चाचणीचा तो कागद माझ्यामागे भिंतीवर डकवलाय. इंजिनासमोर त्याच्यावर डाग पडला नव्हता. इथे नुसत्या हवेने तो करडा होत चाललाय. कुणी ऐकत असाल, तर मला खुशाल वितळवा, पण नीट मोजून माझ्यासारखा दुसरा घडवा. कागद काळा झाला तर बदलता येईल. त्याच खोलीत, त्याच हवेत ती पोर झोपते.