रुखवतातली सहावी कपबशी

आमच्या घरी चार म्हशी होत्या, दुधातुपाला तोटा नव्हता, आणि मला एक कप चहा मिळत नव्हता. माझं सासर कसं होतं ते एवढ्यावरून ओळखा.

माहेर माझं नंदुरबारचं, स्टेशनाच्या मागच्या बाजूला. सकाळची गाडी शिट्टी मारायची तेव्हा आमच्या चुलीवर आधण उकळत असायचं. मिरचीबाजारात दिवसभर खोकणाऱ्या माझ्या वडिलांना चहाशिवाय तोंड उघडता येत नसे, आणि ती सवय त्यांनी मला वारशात दिली. आईनं तर रुखवतात सहा कपबश्यांचा संच मांडला होता, पांढऱ्याशुभ्र, काठाला निळी फुलं. सासरच्या मंडळींनी त्या नीट पाहून घेतल्या आणि फळीवर सगळ्यात उंच ठेवून दिल्या.

कारण माझे सासरे, धुडकूआप्पा, यांनी एकदा भर चावडीवर सांगून टाकलं होतं, "चहा पिसन रगत आटस. मन्हा घरमा चहा चालस नही." आप्पा बोलले की तापीला पूर आला तरी शब्द बदलायचा नाही. गावातल्या निम्म्या घरांनी त्यांच्या धाकानं चहा सोडला होता. बाकीची निम्मी घरं दार लावून पीत होती. मला दार लावायचीही सोय नव्हती, कारण स्वयंपाकघरावर भिकुआत्याचं राज्य. आत्या म्हणजे आप्पांची विधवा बहीण. तिचं नाक असं, की शेजारच्या गल्लीत मेथी निवडली तरी इथं कळावं.

तीन वर्षं माझं डोकं रोज सकाळी ठणकत होतं. त्यात गेल्या हिवाळ्यात सहांतली एक कपबशी नाहीशी झाली. आत्यानं साऱ्या आळीला सांगितलं, "फोडी टाकी व्हई. माहेरनं बी सांभाळता येस नही हिले." मी फळीला हातसुद्धा लावला नव्हता. त्या कपबशीसाठी मी गोठ्यात जाऊन रडले, आणि म्हैस माझ्याकडे शांतपणे पाहत रवंथ करत राहिली.

माझे यजमान, नवल, माणूस चांगला. वडिलांसमोर मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप. आणि वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत असल्यानं आमचा संसार बहुतेक भुवयांवर चालला होता. एकदा ते शहाद्याहून एका चहा कंपनीचं कॅलेंडर घेऊन आले आणि खोलीच्या दाराआड लावलं. त्यात दार्जिलिंगचे डोंगर होते, धुकं होतं, आणि पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका हसत हसत पानं खुडत होत्या. त्यांना कुणी सासरे नसावेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे.

"मले तथा लई चाला," मी त्या डोंगरांवर बोट ठेवून म्हटलं.

यजमानांनी पाऊण मिनिट विचार केला. "आपलं तोरणमाळ काय वाईट शे? डोंगर शे, धुकं शे. चहा तेवढा आपन लई जाऊ."

या माणसाशी लग्न केल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

निमित्त तयारच होतं. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, आणि तोरणमाळला गोरखनाथाचं देऊळ आहे. नवसाचं नाव काढताच आप्पा म्हणाले, "देवना काम शे, जाई या." पोळा होऊन गेला होता, शेतात फारसं काम नव्हतं. देवाला जाताना मनात चहा होता, हे गोरखनाथाला माहीत असणारच. त्यानं काही आक्षेप घेतला नाही.

यजमानांनी नंदुरबारहून एक लष्करी पिशवी आणली होती, लढाईनंतर लिलावात निघालेली, पट्टे खांद्यात घालून पाठीवर अडकवायची. त्यांच्या मते कॅलेंडरातल्या टोपलीची ही पुरुषी आवृत्ती. तिच्यात नारळ, भाकरी, पातेलं, आणि सगळ्यात खाली चहाची पुडी आणि साखर. आमच्या भागात पाठीवर ओझं घेणारा पुरुष कुणी पाहिलेला नव्हता. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "पाठवर काय बांधं रे भो? पोऱ्या शे का?"

"नही, सामान शे," यजमान लाल होत म्हणाले.

"व्हई भो, तो बी व्हई," म्हाताऱ्यानं आशीर्वाद दिला. सगळा स्टँड माझ्याकडे बघू लागला. मी पदर इतका पुढं ओढला की समोरची एस.टी. दिसेना.

पायथ्यापासून पुढं पायीच जायचं होतं. पहिल्या वळणावर आम्ही दोघं मोठमोठ्यानं बोलत होतो, केवळ बोलता येतं म्हणून. दुसऱ्या वळणावर पाऊस आला. पुढं धुकं आलं, आणि ते इतकं दाट की यजमान दिसेनात, फक्त त्यांच्या पिशवीतलं पातेलं वाजताना ऐकू येई. मी त्या आवाजामागं चालत राहिले.

"अजून कितलं दूर शे?"

"हाई वळण चढनूत का उनं."

हे वळण चढलं की आलंच, हे उत्तर मला प्रत्येक वळणावर मिळालं. डोकं ठणकत होतं, तरी मी खूश होते. वर गेल्यावर तीन दगड मांडायचे, पातेलं चढवायचं आणि नवऱ्यासमोर बसून, तोंड वर करून, चहा प्यायचा. तीन वर्षांत मला एवढंच हवं होतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं जरा विरळ झालं आणि मला यजमानांची पाठ दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर पाठीच्या मध्यापासून कमरेखालपर्यंत तपकिरी ओघळ आले होते. पिशवीत पाणी शिरलं होतं. पुडी भिजली, साखर विरघळली, आणि आमचा चहा वाटेतच त्यांच्या पाठीवर तयार होऊन वाहून गेला होता.

"थंडा शे, पन गोड शे," यजमान बोट चाटत म्हणाले.

मी चिखलात बसले आणि मोठ्यानं रडले. त्यांना वाटलं नवसासाठी रडतेय. ते म्हणाले, "व्हई गं, पोऱ्या बी व्हई." मग मला इतका राग आला की रडूच थांबलं. तशीच उठले आणि देवळात जाऊन नारळ फोडला. देवापुढं मात्र मी खरं तेच मागितलं, एक कप चहा.

देवळातून निघालो आणि तळ्याकाठच्या सरकारी बंगल्याकडे गेलो. तिथल्या राखणदाराची, जालमसिंगची, झोपडी मागंच होती. त्याची बायको फुलीबाई चुलीपाशी बसली होती. आमचे अवतार पाहून तिनं काही न विचारता जागा करून दिली आणि म्हणाली, "च्या पेशात?"

तिचे पाय धरायचेच काय ते मी बाकी ठेवलं.

शेळीच्या दुधाचा चहा होता, धुराचा वास येत होता. यजमानांना तिनं पितळी वाटीत दिला, मला कुठून आलो ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं, सासऱ्यांचं नाव सांगितलं. फुलीबाईचा चेहरा एकदम उजळला.

"धुडकूआप्पानी सून? मंग तुले त्यासनीच कपबशी देस!"

आणि तिनं कुडात खोचलेल्या फडक्यातून एक कपबशी काढली. पांढरी. काठाला निळी फुलं.

यजमानांना ठसका लागला. चहा नाकातून बाहेर आला.

फुलीबाई कौतुकानं सांगत होती. आप्पा दर हिवाळ्यात बांबू घ्यायला वर येतात, तेव्हा इथंच मुक्काम. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. "पयले वाटीमा पेत व्हतात. मागला साले हाई घरथीन लई उनात. मंग म्हनतस, फुलीबाई, साखर दुप्पट टाक."

माझं डोकं ठणकायचं थांबलं. चहाच्या वासानं थांबलं की रागानं, सांगता येत नाही. ज्या कपबशीसाठी मी आळीभर बदनाम झाले, तिच्यात माझे सासरे डोंगरावर बसून फुर्र करत होते! पहिला घोट घेतला तेव्हा मला हसू फुटलं, आणि मग आम्ही दोघं समोरासमोर बसून इतके हसलो की जालमसिंग बाहेरून डोकावून गेला. तेवढा अर्धा तास माझं दार्जिलिंग झालं.

निघताना मी कपबशी मागितली. फुलीबाई कुरकुरली, आप्पांना काय सांगू म्हणाली. मी तिला बदल्यात आमचं पातेलं दिलं. शहाद्यात चहाची नवी पुडी घेतली, तेव्हा यजमानांचा चेहरा पडला.

"आप्पासले काही बोलू नको हां."

"मी काहीच बोलाव नही," मी म्हटलं, आणि तो शब्द पाळला.

घरी ओसरीवर आप्पा चार माणसं घेऊन बसले होते. "परसाद लई ये," म्हणाले. नारळाचा तुकडा यजमानांनी वाटला. मी आत गेले, चुलीवर आधण ठेवलं आणि पुडी फोडली. भिकुआत्याचं नाक आधी आलं, मागून ती. "हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"परसाद," मी म्हटलं. साखर मोजून दुप्पट टाकली. आप्पांनी कप भिरकावला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला माहेरी पाठवलं असतं, आणि यजमान भुवया वर करून बघत राहिले असते.

ओसरीवर जाऊन मी कपबशी आप्पांसमोर ठेवली. पदर डोक्यावर, नजर खाली. "डोंगरवरथीन लयनी, आप्पा. साखर दुप्पट टाकेल शे."

आप्पांनी निळी फुलं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग नवलकडे, तर ते छपराची कौलं मोजत होते. आप्पांनी कप उचलला, बशी भरून ओतली, एक फुंकर घातली आणि फुर्र करून प्यायले. एक थेंब सांडला नाही.

"दादा," भिकुआत्या दारातून म्हणाली, "तुले बशीमा पेता कसं येस रे?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. उरलेला कप संपवला, मिशा पुसल्या. "देवना परसाद शे," ते त्या चार माणसांना म्हणाले, "नही म्हनता येस नही." मग माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, बाकीन्या पाच बी काढ."

मी फळीवरून पाच कपबश्या काढल्या आणि धुतल्या. ओसरीवरच्या चार माणसांना चार गेल्या. आप्पांनी रिकामी केलेली सहावी मी पुन्हा भरली, ती त्यांनी नवलच्या हातात दिली, आणि पाचवी घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात बसले. समोर यजमान बशीवर फुंकर घालत होते. वडिलांच्या देखत त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "साखर बरोबर शे ना?"